खांद्याला सोसेल एवढंच

फोटोग्राफरची खरी परीक्षा हळदीच्या खोलीत होते. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे लग्न हल्ली लॉनवर लागतं, स्टेजमागे एलईडीची भिंत असते, पण हळद अजून घरीच लागते. घर जुनं असेल तर खोली दहा बाय बाराची. मधे पाट, पाटावर नवरी, भोवती आत्या, मावश्या, मामी, आणि दारात गल्लीतली सगळी पोरं. पाठीवर मोठी सॅक घेऊन आत शिरणाऱ्याला कुणी हाकलत नाही. पण तो एकदा वळला की कुणाच्या तरी हातातली वाटी कलंडते, आणि घरातली एखादी आजी सुनावते, "बाबू, तू तिकडं दाराशी उभा राय." दाराशी उभा राहिलेला माणूस मग लांबची लेन्स लावतो. त्याच्या फोटोत डोकी येतात, पाठी येतात, नवरीचा चेहराही येतो. तिच्या गालाला हळद लावताना थरथरणारा मावशीचा हात मात्र येत नाही.

मी या भागात साक्षगंध, लग्नं, बारशी यांचे फोटो काढते, अधूनमधून वर्तमानपत्रांनाही देते. कॅमेऱ्याची बॅग केवढी घ्यावी, असं नवीन पोरं विचारतात. त्यांनी सामानाची यादी तयारच ठेवलेली असते. मी आधी विचारते, तुला उभं कुठं राहायचंय? पाटाजवळ बसायचं असेल तर यादी आपोआप कमी होते.

नागपूरला ज्यांच्याकडे काम शिकले त्यांच्याकडे निकॉनचा डी७५० होता. बॅटरीसकट ८४० ग्रॅम. त्याला २४-७० एफ २.८ ही लेन्स, ९०० ग्रॅम. सोबत ७०-२०० एफ २.८, ती १,५४० ग्रॅम. तीनच वस्तू आणि सव्वातीन किलो पार. त्यावर फ्लॅश, सेल, चार्जर, लाइटचा स्टँड, आणि हे सगळं पोटात घेणारी सॅक, जी रिकामीच दीड-दोन किलोची. वऱ्हाड यायच्या आधीच खांदे भरून यायचे. रात्री बाराला रिसेप्शन आटोपेपर्यंत माणूस फोटो कमी आणि बसायला खुर्ची जास्त शोधायचा.

आता माझ्याकडे झेड६-टू आहे, बॅटरी आणि कार्डासकट ७०५ ग्रॅम. २४-७० घेतली ती एफ ४ ची, ५०० ग्रॅम. आणि ८५ एफ १.८, ती ४७० ग्रॅम. एकूण पावणेदोन किलोच्या आत. यात काही सोडावं लागलंच. एफ ४ मधून एफ २.८ च्या निम्माच प्रकाश येतो, आणि आमच्याकडच्या मांडवात संध्याकाळी वीज कधी मंद होईल याचा नेम नाही. ती कसर ८५ भरून काढते, एफ १.८ ला २.८ च्या दुपटीहून जास्त प्रकाश घेते. ७०-२०० सोडली त्याचं मला वाईट वाटत नाही. लांबून काढलेल्या फोटोत माणसं देखणी दिसतात, पण पाहिलेली दिसतात. जवळून काढलेल्यात ती तुमच्याशी बोलत असतात. हा माझा कल. उलट मत असलेले चांगले फोटोग्राफर मला माहीत आहेत आणि त्यांच्या सॅका मोठ्या आहेत.

लग्नाला दुसरी बॉडी लागतेच, पहिली बंद पडली तर सप्तपदी पुन्हा होत नाही. पण ती खांद्यावर असलीच पाहिजे असं कुठं आहे? आहेर ठेवतात त्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली घरातल्या सगळ्यात जागरूक वहिनीच्या पदराला. दुसरी बॉडी, चार्जर आणि जास्तीचे सेल स्टीलच्या डब्यात घालून मी त्या वहिनींच्या हवाली करते. तेवढ्या निमित्तानं त्यांच्याशी ओळख होते. नवरी कधी रडेल, कोणत्या काकांना कोणत्या काकांशेजारी उभं करायचं नाही, हेही त्याच सांगतात.

माझ्या आधीच्या पिढीचे स्टुडिओवाले अॅल्युमिनियमची पेटी न्यायचे. आत यशिका मॅट १२४जी, फ्लॅशगन आणि १२० चे रोल. एका रोलवर १२ फोटो, त्यामुळे हात आपोआप आखडता. पेटीचा एक फायदा बॅगेत कधीच आला नाही. ग्रुप फोटोला तिच्यावर उभं राहता यायचं.

आणि होमाई व्यारावाला. त्यांच्या काळात स्पीड ग्राफिक नावाचा मोठा, जड प्रेस कॅमेरा असायचा. तो घेऊन, साडी नेसून, सायकलवरून त्या १९४०च्या दशकात दिल्लीत कामावर जायच्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली ही बाई देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार ठरली, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. खांदा दुखतो म्हणून कुरकुरायची वेळ आली की मी त्यांचा विचार करते आणि मग जरा कमीच कुरकुरते.

लहान बॅगेचं महत्त्व मला पटवलं ते छोट्या रेल्वेनं. नागपूर ते छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली, मग तिथं ब्रॉडगेज आली. त्या शेवटच्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारास आम्ही बरेच जण कॅमेरे घेऊन तिच्यात बसायचो. सौंसर, रामाकोना, पुढे भीमालगोंदी, कुकडीखापा, उमरानाला. डबा इतका अरुंद की समोरासमोरच्या बाकांवरच्या गुडघ्यांना गुडघे लागायचे. त्यात भाजीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, शाळेची पोरं. सॅकवाले शेवटी सॅक मांडीवर घेऊन बसून राहायचे, कारण खाली ठेवायला जागा नाही आणि वर फळीवर विश्वास नाही. माझ्याकडे तेव्हा चुलतभावाची एक साधी खांद्याची बॅग होती, आत घरच्या जुन्या दुलईचे तुकडे. ती काखेत दाबून मी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. गाडी घाट चढायला लागली की दाराशी सरकायचे. फोटो बरे आले ते त्या सरकण्यामुळे.

पुढे रीतसर बॅग घ्यायला नागपूरला सीताबर्डीत गेले. कॅमेरा आणि दोन्ही लेन्स सोबत नेल्या, कारण लेबलवर बाहेरचं माप असतं आणि फोमच्या भिंती दोन्ही बाजूंनी जागा खातात. मला आतून साधारण २८ सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि २० उंच एवढी हवी होती. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि तिच्या दीडपट बॅग काउंटरवर ठेवली. "ताई, मोठीच घ्या, उद्या लेन्स वाढल्या तर?" वाढतातच. बॅगेत रिकामी जागा असली की आपण ती भरतो: आधी एक लेन्स, मग दुसरा फ्लॅश, मग पाण्याची मोठी बाटली, शेवटी टॅब्लेट. मी लहानच घेतली.

दुकानात मी काय पाहते ते सांगते. झाकण अंगाच्या विरुद्ध बाजूला उघडलं पाहिजे. स्वतःकडे उघडणारं झाकण पोट आणि बॅग यांच्या मधे अडकतं आणि हात आत जात नाही. पट्टा दोन इंच तरी रुंद हवा, खांद्यावर घसरणारा नको. गर्दीत घसरणाऱ्या पट्ट्याकडेच अर्धं लक्ष जातं. पट्टा जिथं शिवलाय तिथली शिवण उलटी करून पाहायची, एकच टीप असेल तर ती बॅग ठेवून द्यायची. बॅग जमिनीवर टेकवली की स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. रंग काळा नको, आमच्याकडच्या मे महिन्यात काळं कापड भाजून निघतं. आणि वर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत नको. त्या नावाकडे बघून पाहुणे 'महागडं काहीतरी' म्हणून जागा देतात, आणि चोरही त्याच नावाकडे बघतो.

हे सगळं जमलेल्या बॅगेला वेल्क्रो निघालं. मंगलाष्टकं सुरू असताना भटजी श्वास घ्यायला थांबतात, नेमकं तेव्हाच कुणाला तरी लेन्स बदलायची असते, आणि तो चर्रर्र आवाज माइकमधून मांडवभर जातो. आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकाजींना दाखवली. त्यांनी वेल्क्रोच्या एका बाजूवर कापड शिवून ते मुकं केलं आणि दोन चुंबकाची बटणं बसवली. चुंबकानं कार्ड बिघडेल का, असं त्यांनीच काळजीनं विचारलं. ती भीती कॅसेट आणि फ्लॉपीच्या दिवसांतली. आताच्या मेमरी कार्डाला बटणाएवढ्या चुंबकानं काही होत नाही. मग त्याच बैठकीत त्यांच्याकडून माझ्या सगळ्या कुर्त्यांना आतून एकेक खिसा लावून घेतला. बायकांच्या कुर्त्यांना खिसे का नसतात, हा प्रश्न मी बॅग बनवणाऱ्यांना नाही तर कपडे शिवणाऱ्या साऱ्या जगाला विचारीन. तोवर काकाजी आहेत.

या खांद्याच्या बॅगांचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेतल्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डॉम्के यांना १९७०च्या दशकाच्या मध्यावर बाजारातली एकही बॅग पटेना, म्हणून त्यांनी स्वतःसाठी कॅनव्हासची मऊ बॅग शिवून घेतली. जाड फोम नाही, ताठ भिंती नाहीत. अंगाला चिकटून राहणारी. सहकाऱ्यांनी मागितली आणि तिचा धंदा झाला. इंग्लंडात बिलिंगहॅम १९७३ पासून मासेमारी करणाऱ्यांसाठी बॅगा बनवत होते. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमध्ये त्या फोटोग्राफर विकत घेताहेत. ओल्यात टिकायला हवी, हात पटकन आत जायला हवा, तासन्‌तास खांद्यावर राहायला हवी: मासे धरणाऱ्याची आणि फोटो काढणाऱ्याची गरज एकच निघाली.

आपल्याकडे याहून जुनी सोय आहे, शबनम. कार्यकर्त्यांच्या आणि कवींच्या खांद्यावरची ती पिशवी. फोमचा कप्पेवाला डबा वेगळा मिळतो, तो मी शबनममध्ये बसवला आहे. जामसावळीच्या हनुमान मंदिराकडे मंगळवारी-शनिवारी लोटणाऱ्या गर्दीत, सौंसरच्या बाजारात, रात्रीच्या एसटीत अन् खासगी बसमध्ये मी हीच नेते. प्रसादाची पुडी, नारळ, वर ओढणी. खाली कॅमेरा आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. शबनमला झाकण नसतं ही तिची अडचण, पण भाजीवालीशी दहा मिनिटं गप्पा मारून झाल्यावर कॅमेरा बाहेर काढला तर ती दचकत नाही, हा तिचा गुण.

आता भरण्याविषयी. कॅमेऱ्याला लेन्स लावूनच ठेवायची, पकडायची बाजू वर. वस्तू न बघता हातात आली पाहिजे, कारण डोळे समोर हवेत. ८५ एका बाजूला, तोंड खाली, बसवायची बाजू वर. मागच्या झाकणाला अर्धा आटा ढिला. फ्लॅश मधे आडवा. भरलेल्या बॅटऱ्या धातूची बाजू वर, वापरलेल्या उलट्या. अंधारात बोट फिरवलं तरी कळतं. कोरी कार्डं बॅगेच्या पुढच्या कप्प्यात. भरलेलं कार्ड बॅगेत परत जात नाही, कुर्त्याच्या आतल्या खिशात जातं. बॅग हरवली तर काचा आणि पैसे गेले, नवीन येतील. कुणाची पाठवणी पुन्हा येत नाही. याबाबतीत मी फार कडक आहे, माझ्याकडे काम करणारी मुलगी यावरून मला हसते.

बाकी किरकोळ. हवा मारायचा रबरी फुगा. काच पुसायला जुन्या धोतराचा, कित्येकदा धुतलेला तुकडा. नवीन कापडाची खळ ओरखडे पाडते. दोन मोठ्या पन्न्या, वळीव आला तर एक कॅमेऱ्याला, एक बॅगेला. सेफ्टी पिना, काळा दोरा, सुई. नवरीच्या शालूचा काठ किंवा नवरदेवाची गुंडी ऐनवेळी निघाली की फोटोग्राफरलाच हाक मारतात, आणि ते काम करून दिलं की पुढचे दोन तास कुणी 'बाजूला व्हा' म्हणत नाही. आणि पारले-जीचा पुडा. जेवणाच्या पंगतीत फोटोग्राफरची पाळी शेवटची असते.

अक्षतांचं वेगळं सांगायला हवं. 'सावधान' म्हटलं की चारी बाजूंनी हळदीचे तांदूळ येतात आणि उघडी बॅग म्हणजे त्यांना आयतं सूप. तांदूळ कप्प्यात गेला की लेन्स बसवायच्या आट्यात शिरतो, कॅमेऱ्यात गेला तर सेन्सरपर्यंत. म्हणून शेवटच्या कडव्याला बॅग बंद, लेन्स बदलणं बंद. आहे त्या लेन्सनं निघतील तेवढे फोटो. गुलालाच्या दिवशी आणि जिनिंगमध्ये फोटो काढताना हाच नियम. कापसाचा बारीक तंतू तर तांदळाहून वाईट, दिसतही नाही.

गोटमारीसाठी मात्र वेगळी बॅग लागते, किंबहुना जवळजवळ बॅगच लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भात लहान पोरं लाकडी बैल मिरवत तान्हा पोळा करतात तेव्हा, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर दगड. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, पळून जाताना नदीत दोन्हीकडून दगड पडले अशी गोष्ट सांगतात. झाड तोडून चंडीमातेच्या मंदिरात नेलं की खेळ संपतो. दरवर्षी माणसं जखमी होतात, शेकड्यांनी, मेलीही आहेत. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. दगड थांबले नाहीत. मला हा प्रकार आवडत नाही आणि तो मी आमची थोर परंपरा म्हणून सांगणार नाही. पण फोटो काढायला जाते.

बहुतेक फोटोग्राफर नदीकाठच्या गच्च्यांवर असतात, ७०-२०० किंवा त्याहून लांब लेन्स घेऊन, आणि ते बरोबरच आहे. तिथून हवेतला दगड दिसतो. मी गल्लीत राहते. डोक्याला हेल्मेट, गळ्यात एक कॅमेरा, एक लेन्स, आणि बॅग पोटावर घट्ट बांधलेली. तिच्यात लेन्स नाही. पाणी, कापूस, पट्ट्या, एक बॅटरी, एक कार्ड. पळताना कमरेवर आपटणारी बॅग माणसाला पाडते, म्हणून कमरेचा पट्टा लावते. लग्नाला तो कधी वापरत नाही.

एके वर्षी सावरगावच्या बाजूला एका ओट्यावरच्या म्हातारीनं मला थांबवलं. "कोनाची व तू? काहून फिरून रायली इथं? दगडाले काय बाई-मानूस समजते?" मग माझ्या पोटाकडे बोट दाखवून, "अन् हे काय बांधलं?" मी उघडून दाखवलं. पट्ट्या आणि कापूस पाहून ती म्हणाली, "बस मंग." तिचा नातू नदीवर होता. मी तिच्याशेजारी बसले. नदीकडून गलका वाढला की ती उठून उभी राहायची, ओसरला की बसायची, आणि हातातली तंबाखू तशीच मळत राहायची. दगडाचा एकही फोटो त्या दुपारी मी काढला नाही. नातू संध्याकाळी भुवईला टाके घालून, हसत आला, आणि म्हातारीनं त्याला आधी एक थापड मारली. ते चित्र माझ्याकडे आहे, ३५ मिलिमीटरवर, हातभर अंतरावरून.

पावसाळ्यात बॅग हीच कॅमेऱ्याची वैरीण होते, हे दुकानदार सांगत नाही. फोम ओल धरून ठेवतो, आणि ओल्या अंधारात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी रेघ एकदा आत उमटली की साफ करायला लेन्स खोलावी लागते. म्हणून घरी आल्याबरोबर सामान बाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. तिचे दाणे रंग बदलतात तेव्हा तव्यावर मंद आचेवर परतून कोरडे करायचे. माझा त्यासाठी वेगळा तवा आहे, कारण पहिल्या खेपेला सासूबाईंनी विचारलं होतं की हा कोणता साबुदाणा. बॅग रिकामी करून, उलटी झटकून, उन्हात. मागच्या लग्नाच्या अक्षता त्या वेळी अंगणात पडतात आणि चिमण्यांना मिळतात.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात आला. तेव्हापासून कार्यक्रम वाढले: उद्घाटनं, दौरे, बैठका. तिथं मोठ्या सॅकवाल्याला मान आहे, पहिल्या रांगेत जागा आहे. माझी बॅग पाहून एकदा एका कर्मचाऱ्यानं हिंदीत विचारलं की फोटोग्राफर कुठं आहे. मी कॅमेरा काढून दाखवला, तो ओशाळला, मग चहा आणून दिला.

लग्नवाले आता ड्रोन मागतात. तो माझ्या बॅगेत बसत नाही आणि त्यासाठी मी बॅग बदलणार नाही. नागपूरचा एक मुलगा येतो, त्याची स्वतःची पेटी आणतो, मांडवाबाहेर मोकळ्या शेतात उभा राहून उडवतो. त्याचे पैसे वेगळे, ते नवरीचे वडील त्याच्याच हातात देतात. हळदीच्या खोलीत त्याला काही काम नसतं.